काकूंचा डावा हात

उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहराच्या पश्चिमेला क्वालोया बेट आहे. तिथल्या एर्सफ्योर्ड नावाच्या फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये खोल शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीच्या, टोकाशी असलेल्या गावावर एक डोंगर आहे, नात्मोल्सफ्येले. उंची जेमतेम 300 मीटर. हिवाळ्यात पाहुण्यांना स्नोशूज (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी) घालून तिथे वर नेणं हे माझं काम. जानेवारीअखेरीच्या त्या दिवशी गटात नाशिकचे निवृत्त काका-काकू होते, कळसूबाई अनेकदा केलेले. गाडीतून उतरताच काका म्हणाले, "अगं, हे तर आमच्या पांडवलेण्याएवढं!"

उंचीचा तो हिशोब इथे चालत नाही. आपण आर्क्टिक वृत्ताच्या बरंच वर असतो, आणि बर्चची खुरटी झाडं संपली की आडोसाही संपतो. समोर फ्योर्डच्या उत्तरेला स्तोरे ब्लोमान हा डोंगर 1044 मीटर सरळ पाण्यातून उठलेला. अशा कड्यांमधून वारा दाबून निघतो, त्यामुळे गावात झुळूक असली तरी धारेवर उभं राहवत नाही. उणे 10 तापमानात सेकंदाला 15 मीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे 22 सारखं लागतं. हे मी गाडीतच सांगते, सगळे माना डोलावतात. पण सहलीच्या जाहिरातीत माथ्यावरूनचा देखावा छापलेला असतो आणि माणूस त्यावरच विश्वास ठेवतो. ती जाहिरात लिहिणाऱ्यांनी एकदा वाऱ्यात वर यावं असं मला मनापासून वाटतं.

झाडं संपेपर्यंत काकू नातवाबद्दल बोलत होत्या. मग बोलणं थांबलं. अशा वेळी "थंडी वाजतेय का?" हा प्रश्न निरुपयोगी असतो, उत्तर "नाही" हेच येतं. काकूही म्हणाल्या, "बरी आहे गं मी." म्हणून मी त्यांना सॅकचा छातीवरचा पट्टा लावायला सांगितलं. त्या एकाच हाताने खटपट करत राहिल्या. डावा हात खिशात होता. तो बाहेर काढला तर तीन बोटांची टोकं मेणासारखी पांढरी, स्पर्श कळत नव्हता. खाली काकांचा फोटो काढायला त्यांनी मिटन, म्हणजे चार बोटं एकत्र राहणारा जाड हातमोजा, उतरवला होता, त्यात भुरभुरीत बर्फ गेला, तो आत वितळला.

अशा वेळी आम्ही वाऱ्याची पिशवी काढतो. विंडसेक. पातळ कापडाची, सगळा गट आत मावेल एवढी. ती उघडण्याआधी तिची दोरी मनगटाला बांधायची, नाहीतर पिशवी थेट फ्योर्डमध्ये. सगळ्यांनी वाऱ्याकडे पाठ करून खाली सॅक घेऊन बसायचं, मग कापड डोक्यावरून ओढून कडा बुडाखाली दाबायच्या. काही मिनिटांत श्वासांनीच आत ऊब येते, आणि बाहेर ओरडून बोलणारी माणसं एकदम हळू बोलू लागतात. नीट बसवलेल्या विंडसेकचा मला अभिमान आहे. काकूंचा हात मी माझ्या जाकिटाच्या आत, काखेत घेतला. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. हळूहळू रंग आला आणि पाठोपाठ कळा आल्या. त्या कळवळल्या, मला मात्र हायसं वाटलं. फोडही आले नाहीत.

आत काका विचारत होते, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही किती आनंदात होतात. माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा कशाला?"

आम्ही तिथून उतरलो. माथा दिसत होता. दोघा तरुण पाहुण्यांना ते पटलं नाही. त्याच दिवशी दुसऱ्या एका गाइडचा गट वर जाऊन फोटो घेऊन आला होता, आणि संध्याकाळी ते मला दाखवण्यात आले. त्या गाइडबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की फोटोत त्याच्या पाहुण्यांचे हात दिसत नाहीत.

नॉर्वेतल्या डोंगरनियमांत आठवा नियम आहे: वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. इथे तो मुलांनाही ठाऊक असतो. पण तो निर्णय घेणाऱ्याला उद्देशून आहे. ज्याची बोटं बधिर झाली आहेत आणि ज्याच्यामुळे दहा जणांना फिरावं लागणार आहे, त्याच्या लाजेचं काय, हे त्यात कुठे नाही. आमच्या नोंदवहीत परत फिरण्याचं कारण लिहायला एक ओळ असते. मी "वारा" लिहिलं. ते खरंही होतं, मोजयंत्र तेच सांगत होतं. तरी वारा तेवढाच आणि काकू पट्टा दोन्ही हातांनी लावू शकल्या असत्या, तर मी तिथूनच फिरले असते का, हे मला अजून ठरवता येत नाही.

एक मात्र बदललं. एकमेकांचे चेहरे आणि हात तपासायला आम्ही पाहुण्यांच्या जोड्या लावतो. त्यात आता मी नवरा-बायकोला एकत्र ठेवत नाही. परक्या माणसाला "बोटं दुखतायत" असं सांगणं सोपं जातं. काही जोडपी नाराज होतात, हनिमूनला आलेली तर फारच. बुकिंग सांभाळणाऱ्यांनी मला त्यावरून दोनदा टोकलंही आहे. मी त्यांना काकूंच्या हाताबद्दल सांगते आणि पुढच्या गटाच्या जोड्या पुन्हा तशाच लावते.