किती अंग दाखवायचं? वर्ल्ड ऑफ टँक्समधला कोन, आडोसा आणि वेळ

वर्ल्ड ऑफ टँक्स या ऑनलाइन टँकयुद्धाच्या व्हिडिओ गेममध्ये एक लढाई जास्तीत जास्त १५ मिनिटं चालते. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा टँक असतात. पहिल्या चार मिनिटांत टँक गमावून गॅरेजमध्ये परतणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते, की समोरच्याचा टँक भारी होता, गोळा लागलाच नाही, नशीब खराब. माझं मत वेगळं आहे. लवकर मरणाऱ्या बहुतेक टँकनी गरजेपेक्षा जास्त अंग, गरजेपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवलेलं असतं. नेम सगळ्यांचाच हळूहळू सुधारतो. आपलं किती अंग, कोणत्या कोनात आणि किती सेकंद शत्रूला दाखवायचं, हे मात्र मुद्दाम शिकावं लागतं.

सुरुवात कोनापासून. जर्मन टायगर १ घ्या. पुढचं चिलखत १०० मिलीमीटर, वरच्या बगलेचं ८०. शत्रूकडे सरळ तोंड करून उभे राहिलात तर त्याच्या गोळ्याला १०० मिलीमीटरच भेदायचे असतात. टँक ३० अंशांनी वळवला की तोच पत्रा तिरका पडतो आणि गोळ्याला साधारण ११५ मिलीमीटर पार करावे लागतात. त्या वेळी बगल अजून खूप तिरकी असते, म्हणून तिथे १६० मिलीमीटर भरतात. इथवर फायदाच फायदा. मग वाटतं, आणखी वळवू. ४५ अंशांवर पुढची बाजू १४१ पर्यंत जाते खरी, पण बगल ११३ वर येते आणि शत्रू तिथेच मारतो. हिशेबाने ३८-३९ अंशांवर दोन्ही बाजू सारख्या, सुमारे १२८ मिलीमीटर होतात. प्रत्यक्षात तिथवरही जाऊ नये, कारण चाकांमागची खालची बगल वरच्यापेक्षा पातळ आहे. टायगरसाठी ३० अंशांच्या आसपास थांबावं. स्क्रीनच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात टँकचं छोटं चित्र असतं, त्यात टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) तुलनेत हल (टँकचं खालचं धड) किती वळलाय ते दिसतं. घड्याळात एका तासाचं जेवढं अंतर, तेवढे ३० अंश.

हा नियम चौकोनी टँकचा. सोव्हिएत आयएस-३ सारख्या टँकचं नाक दोन तिरक्या पत्र्यांचं, टोकदार असतं. तो वळवलात तर एक गाल शत्रूसमोर सपाट येतो आणि जन्मजात मिळालेला तिरकेपणा वाया जातो. असे टँक सरळ तोंड करूनच ठेवायचे. जर्मन टँकवरून सोव्हिएत टँकवर येणाऱ्यांना ही जुनी सवय फार महागात पडते.

गोळ्यांचेही नियम पाठ हवेत. साधा चिलखतभेदी एपी आणि कठीण गाभ्याचा एपीसीआर गोळा पत्र्यावर ७० अंश किंवा त्याहून तिरका आदळला की तो न भेदता उसळून उडतोच, मग त्याची भेदक्षमता कितीही असो. स्फोटाच्या झोताने भेदणाऱ्या हीट गोळ्यासाठी ही मर्यादा ८५ अंशांची. एपी गोळा आदळताना ५ अंश आत वळतो, एपीसीआर २ अंश आणि हीट अजिबात नाही. अपवाद एकच, पण मोठा. एपी किंवा एपीसीआर गोळ्याचा व्यास चिलखताच्या जाडीच्या तिपटीहून जास्त असेल तर तो कुठल्याही कोनात उडत नाही. १२२ मिलीमीटरच्या तोफेपुढे ४० मिलीमीटरचा पत्रा कितीही तिरका ठेवा, उपयोग शून्य. म्हणून आपल्या टँकचे पातळ भाग किती मिलीमीटरचे आहेत हे लढाईआधी बघून ठेवावं. टायगरच्या ८० मिलीमीटरच्या बगलेला ही भीती जवळपास नाही, आणि साइडस्क्रेपिंग त्यावरच उभं आहे.

साइडस्क्रेपिंग म्हणजे नाक भिंतीमागे लपवून फक्त तिरकी बगल आणि टरेट बाहेर काढणं. हिमेल्सडॉर्फ या शहरी मॅपच्या गल्ल्यांत याला तोड नाही. इमारतीच्या कोपऱ्यामागे या, पण भिंतीला चिकटू नका. साधारण अर्ध्या टँकएवढी जागा सोडा. नाक भिंतीकडे वळवा, टरेट शत्रूच्या दिशेने आधीच फिरवून ठेवा आणि मग तिरके मागे या, म्हणजे आधी शेपटीकडचा भाग दिसेल, मग टरेट. बगल आणि शत्रूची नजर यांच्यातला कोन २० अंशांच्या आत राहिला की गोळा ७० अंशांच्या वर तिरका आदळतो आणि उडतो. गोळा मारला की पुढे जाऊन पुन्हा आत.

चुका इथे ठरावीक होतात. घाईत दोन मीटर जास्त मागे आलात की पुढचा गाल कोपऱ्याबाहेर येतो. हल जास्त वळला तर बगल ३० अंशांनी दिसते, मग उडण्याची खात्री संपते आणि फक्त जाडीचा भरवसा उरतो. भिंतीला चिकटून उभे असाल तर तिरकं मागे यायला जागाच नसते, सरळ नाकच पुढे काढावं लागतं. चौथी चूक जास्त छुपी. शत्रू बगल सोडून टोकाच्या चाकावर मारतो, ट्रॅक तुटतो आणि तुम्ही बाहेरच अडकता. रिपेअर किटची की बोटाखाली हवी, आणि तुटल्या क्षणी दाबायची, विचार करत बसायचं नाही. ज्यांचं टरेट मागे आहे त्यांना हे सगळं सोपं जातं. टरेट पुढे असलेल्या टँकला जवळजवळ अख्खी बगल बाहेर काढावी लागते, त्यांनी दुसरा आडोसा शोधावा.

तो दुसरा आडोसा म्हणजे टेकडी. हल मातीमागे आणि फक्त टरेट वर, म्हणजेच हल-डाउन. इथे तोफ किती खाली झुकते यावर सगळं अवलंबून आहे. बऱ्याच अमेरिकी टँकची तोफ ८ ते १० अंश खाली येते, सोव्हिएत टँकची बहुधा ५-६. त्यामुळे ज्या उंचवट्यावरून अमेरिकी पॅटन फक्त टरेट दाखवून मारतो, तिथून सोव्हिएत टी-५४ ला नेम धरण्यासाठी पोट बाहेर काढावं लागतं. मॅप लोड होतानाच आपल्या तोफेला झेपणारा उंचवटा कोणता ते ठरवा. टरेटवर कमांडरची घुमटी हा कच्चा भाग असतो. तिच्यावर नेम बसू नये म्हणून रीलोड होईपर्यंत मागे उतरा, आणि शक्य असेल तर पुढच्या वेळी दोन-तीन मीटर बाजूने वर या. त्याच ठिकाणी डोकं काढलंत तर शत्रूच्या नेमाचं वर्तुळ आधीच मिटलेलं असतं.

खरा पॅटन किती उंच आहे हे बघायचं असेल तर मुंबईकरांना फार लांब जावं लागत नाही. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये पॅटन आणि सेंच्युरियन दोन्ही उभे आहेत. जवळ उभं राहिलं की त्याला मातीचा आडोसा का लागतो ते लगेच पटतं. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातल्या असल उत्तरला भारतीय सेंच्युरियन आणि शर्मन उसाच्या शेतांत दबा धरून बसले होते, शेतांत पाणी सोडलेलं होतं, आणि पाकिस्तानचे नवे पॅटन त्या चिखलात आणि उसात तीन बाजूंच्या माऱ्यात सापडले. कागदावर पॅटनच सरस होता.

आता वेळ. प्रत्येक तोफेचा रीलोड म्हणजे शत्रूची असहाय सेकंदं. समोर केव्ही-२ असेल आणि त्याने १५२ मिलीमीटरचा गोळा झाडला असेल, तर पुढची वीसेक सेकंदं रस्ता तुमचा आहे. तुमची तोफ ८ सेकंदांत भरते, म्हणजे तेवढ्यात दोन गोळे नक्की बसतात. म्हणून आधी त्याचा गोळा वाया घालवायचा. तिरकी बगल थोडीशी दाखवा, तो मारेल, एपी गोळा असेल तर उडेल, मग बाहेर या. मॅगझिनवाल्या टँकसमोर हेच उलट करा. त्याचे सगळे गोळे संपले याची खात्री होईपर्यंत आत राहा, कारण एकदा बाहेर सापडलात की तो दोन-दोन सेकंदांनी मारत जातो. मॅगझिन रिकामं झालं की त्याला भरायला बराच वेळ लागतो, तेव्हा दोघांनी मिळून त्याच्यावर जावं. एकट्याने नाही, शेजारी आपला दुसरा टँक असला की शत्रूला एकालाच मारता येतं.

भेदक्षमता आणि नुकसान दोन्ही २५ टक्के वरखाली होतात. २०० मिलीमीटर भेदणारी तोफ कधी १५० भेदते, कधी २५०. २४० नुकसान करणारा गोळा १८० ते ३०० च्या दरम्यान काहीही देतो. त्यामुळे १८० एचपी (टँकचं उरलेलं आयुष्य) असलेला शत्रू, गोळा भेदला तर, एका गोळ्यात नक्की जातो, २२० चा जाईलच असं नाही. शेवटच्या गोळ्याच्या भरवशावर बाहेर पडण्याआधी हा आकडा बघा. कठीण चिलखतासाठी प्रीमियम गोळे आहेत, पण हीट गोळा ट्रॅकवर किंवा वेगळ्या बाहेरच्या पत्र्यावर लागला की तिथेच बरीच ताकद गमावतो. बगलेवर ट्रॅकमधून मारायचं असेल तर साधा एपी बरा.

स्पॉटिंगकडे, म्हणजे शत्रूला बघणं आणि स्वतः लपणं याकडे, मधल्या टियरचे (टँकच्या पायरीचे) खेळाडू सगळ्यात कमी लक्ष देतात. कितीही चांगली नजर असली तरी ४४५ मीटरपलीकडचं स्वतःला दिसत नाही, आणि ५० मीटरच्या आतलं भिंतीआडूनही दिसतं. मधल्या अंतरासाठी सरळ सूत्र आहे. शत्रूच्या नजरेच्या पल्ल्यातून ५० वजा करा, उरलेल्या आकड्याला तुमच्या लपण्याच्या टक्केवारीने गुणा, आणि ते पल्ल्यातून वजा करा. शत्रूचा पल्ला ४०० मीटर, तुमचं लपणं ३० टक्के, तर तो तुम्हाला २९५ मीटरवरून बघतो. ३२० मीटरवर थांबलात तर तुम्ही अदृश्य आहात. थांबल्याने लपणं वाढतं, तोफ झाडली की एकदम घटतं. झुडपामागून मारताना १५ मीटरचा नियम पाळा. झुडूप तुमच्यापासून १५ मीटरच्या आत असेल तर मारल्या क्षणी त्याचा बहुतेक फायदा जातो. आधी झुडपाला चिकटून शत्रू बघा, मग १५ मीटरहून जास्त मागे सरकून झुडूप पुन्हा अपारदर्शक दिसू लागलं की मारा. तेवढा वेळ शत्रूला दाखवत राहायला पुढे एखादा सोबती लागतो. प्रोखोरोव्कासारख्या मोकळ्या मॅपवर अशा जोड्याच लढाई फिरवतात. स्क्रीनवरचा दिसल्याचा बल्ब तुम्ही दिसल्यावर सुमारे तीन सेकंदांनी पेटतो. पेटला की तोफ भरलेली असो वा नसो, आधी आडोसा.

नेमाबद्दल थोडक्यात. हल हलला, टरेट फिरलं, गोळा सुटला की वर्तुळ पसरतं. कोपऱ्यावरून बाहेर येण्याआधी टरेट योग्य दिशेला फिरवून ठेवा, म्हणजे बाहेर आल्यावर मिटायला कमी वेळ लागतो. माउसचं उजवं बटण दाबून धरलं की टरेट जागेवर राहतं आणि नजर चहूकडे फिरवता येते. ऑटो-एम (आपोआप नेम) टँकच्या मध्यावर धरतं, कच्च्या जागेवर नाही. जवळून पळणाऱ्या हलक्या टँकसाठी ते ठीक, जाड टँकसाठी नको.

मुंबईतून खेळताना यात एक भर पडते. आपण आशियाच्या सर्व्हरवर खेळतो, त्यामुळे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ) शून्याजवळ कधीच नसतं. सेटिंग्जमध्ये सर्व्हर रेटिकल सुरू करा, म्हणजे गोळा खरोखर कुठल्या वर्तुळातून सुटणार ते दिसेल. दाट वस्तीच्या इमारतीत पंचवीस घरांचे राउटर २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत मिसळलेले असतात, आणि साइडस्क्रेपिंगमधले ते दोन मीटर तिथेच चुकतात. शक्य असेल तर लॅन केबल टाका, नाहीतर ५ गिगाहर्ट्झ वापरा. पावसाळ्यात वीज क्षणभर गेली तरी राउटर रीस्टार्ट होतो आणि टँक उघड्यावर उभा राहतो, म्हणून राउटरपुरता छोटा यूपीएस घ्यावा. फोनवर ब्लिट्झ (याच खेळाची मोबाइल आवृत्ती) खेळणाऱ्यांनी लोकलमध्ये जड टँक घेऊ नये. टॉवर बदलताना पिंग उसळतं, आणि जड टँकला चुकीच्या क्षणी बाहेर अडकणं परवडत नाही. याच सर्व्हरवर खेळणाऱ्या सिंगापूरची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, त्यामुळे तिथली रात्रीची गर्दी आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचलाच सुरू होते. मध्यरात्रीनंतर रांग लांबते.

शेवटच्या पाच मिनिटांसाठी एचपी राखून ठेवा. सुरुवातीला तीनशे एचपी वाचवलेला जड टँक शेवटी दोन जखमी टँकवर भारी पडतो. त्या वेळी बेस (जी जागा ताब्यात घेतली की लढाई जिंकता येते) विसरू नका. कब्जा १०० गुणांचा, एक टँक सेकंदाला एक गुण मिळवतो, आणि तीनपेक्षा जास्त टँक उभे राहिले तरी वेग वाढत नाही. म्हणजे तिघे असतील तर ३४ सेकंद. ज्या टँकला नुकसान होतं त्याने जमवलेले गुण जातात, त्यामुळे कब्जा तोडायला समोरच्याला मारून टाकायची गरज नाही, प्रत्येकाला एकेक गोळा पोचवला तरी चालतं. सगळ्यात जास्त वेळ उभा असलेला टँक आधी निवडा, त्याचेच गुण सगळ्यात जास्त असतात.