नऊ जायबंदी आणि सहा मार्कांचा फिजिओ

फुटबॉल मॅनेजर या काँप्युटर गेममधला डिसेंबरचा पहिला आठवडा, माझा क्लब तेराव्या नंबरावर आणि मेडिकल सेंटरच्या पानावर नऊ नावं. हॅमस्ट्रिंग, पोटरी, मांडी, परत हॅमस्ट्रिंग. माझ्याकडे खेळाडूच एकूण २२. शनिवारच्या सामन्याला बेंच भरायला ज्युनिअर संघातली दोन पोरं उचलून आणावी लागली. तेव्हा कुठे मी पहिल्यांदा आमच्या फिजिओचं पान उघडलं. फिजिओथेरपी: ६. वीसपैकी सहा. हा माणूस पाच महिने माझ्या क्लबात होता आणि मी त्याचं नावही वाचलं नव्हतं.

याची लाज वाटायचं कारण असं की मी स्वतः बँकेतला बॅक ऑफिसवाला. बीकेसीतल्या एका इमारतीत दिवसभर माझं काम जुळवाजुळवीचं: इकडून निघालेले पैसे तिकडे पोचले का, नसतील तर कुठे अडकले. शाखेतल्या मुलीला ग्राहक थँक्यू म्हणतात, दिवाळीला मिठाई आणून देतात. आमच्या मजल्याची आठवण कुणाला होते, तर काहीतरी चुकल्यावर. आणि घरी येऊन मी तेच करत होतो.

फुटबॉल मॅनेजर न खेळलेल्यांसाठी थोडक्यात. यात बॉलला पाय लावायचा नसतो. तुम्ही मॅनेजर. संघ निवडायचा, डावपेच ठरवायचे, खेळाडू विकत घ्यायचे, बोर्डापुढे हात पसरायचे. पॉल आणि ऑलिव्हर कोलियर या दोन इंग्लिश भावांनी घरी बसून बनवलेला चॅम्पियनशिप मॅनेजर १९९२ मध्ये आला, त्याचाच हा वंश. २०२५ची आवृत्ती ऐनवेळी रद्द झाली, त्यामुळे माझं बस्तान २०२४च्या आवृत्तीवर बसलं ते बसलंच. यात खेळाडूंसारखेच प्रत्येक कोचला, खेळाडू हेरणाऱ्या स्काउटला, फिजिओला १ ते २० असे गुण असतात. खेळाडूंचे गुण सगळे तोंडपाठ करतात. स्टाफचं पान मात्र क्लबच्या फुटबॉल संचालकाच्या हवाली करून मोकळे होतात. मीही झालो होतो.

मुंबई सिटी घेऊन खेळून झालं होतं. आपलाच क्लब, २०२०-२१ला इंडियन सुपर लीगची शिल्ड (साखळीत पहिल्या नंबराची) आणि कप दोन्ही मारले तेव्हा सामने सगळे गोव्यात, रिकाम्या स्टेडियमांत, आणि आम्ही विक्रोळीत टीव्हीसमोर ओरडत होतो. पण गेममध्ये तिथे सगळं आयतं मिळतं. म्हणून या वेळी मुद्दाम इंग्लंडच्या सहाव्या पायरीवरचा, नॅशनल लीग नॉर्थमधला एक क्लब उचलला. अर्धवेळ खेळाडू, फाटकं बजेट, स्टाफमध्ये बोटांवर मोजण्याइतकी माणसं.

तर फिजिओ. स्टाफ सर्चमध्ये गेलो, भूमिका फिजिओ, फिजिओथेरपी किमान १२, सध्या बेरोजगार. पहिल्या सात जणांनी बोलणंच नाकारलं. क्लबला पतच नाही, कोण येणार? आठवा तयार झाला, फिजिओथेरपी १३, आठवड्याला २५० पौंड. जुन्याचा करार मे महिन्यापर्यंत होता, तो तसाच चालू ठेवला. काढला असता तर उरलेले पैसे द्यावे लागले असते. फेब्रुवारीत जायबंदींची यादी तीनवर आली. सगळं श्रेय नव्या माणसाला देणार नाही, मी ट्रेनिंगची तीव्रताही एक पायरी खाली आणली होती. पण बरं व्हायला लागणारे दिवस कमी झाले हे दिसत होतं.

हुरूप आला आणि हुरुपात माणूस जे करतो ते केलं. अटॅकची कामं बघायला एक कोच हवा होता. यादीत एक नाव दिसलं: आपल्या देशाकडून खेळलेला, शाळेत असताना ज्याचे गोल मी रात्री जागून पाहिलेले. बेकार बसलाय आणि आपल्याकडे यायला तयार! सहाव्या पायरीवर! आठवड्याला साडेपाचशे पौंड, दोन वर्षांचा करार, सही. त्याचे गुण मी सहीनंतर नीट वाचले. अटॅकिंग १४, छान. टेक्निकल ११, चालेल. निर्धार ५. प्रेरणा देणं ७. शिस्त ४.

इथे जरा थांबतो, कारण मला हे कळायला जवळपास दोन वर्षांचा खेळ लागला. कोचच्या नावापुढे प्रत्येक कामासाठी तारे दिसतात, पाचपैकी. ते तारे कशावरून येतात? अटॅकच्या टेक्निकल कामाला अटॅकिंग आणि टेक्निकल हे दोन गुण. डिफेन्सच्या टॅक्टिकल कामाला डिफेंडिंग आणि टॅक्टिकल. बॉल ताब्यात ठेवायच्या, म्हणजे पझेशनच्या कामांना मेंटल हा गुण, जोडीला टेक्निकल किंवा टॅक्टिकल. आणि या सगळ्यांच्या खाली, काम कुठलंही असो, तीन गुण कायमचे: निर्धार, शिस्त आणि प्रेरणा. हे तीन चांगले असले की मधल्या गुणांचा कोचही तीन-साडेतीन तारे देऊन जातो. हे तीन पडलेले असले की देशाकडून खेळलेला गडीही दोन ताऱ्यांवर अडकतो. खेळाडू म्हणून तो किती मोठा होता याचा इथे काडीचा संबंध नाही.

पाच महिन्यांनी त्याला काढायचं ठरवलं, तर गेमने बिल दाखवलं: उरलेल्या ८२ आठवड्यांचे साधारण ४५ हजार पौंड. तेवढ्यात मला दोन बचावपटू आले असते. बसू दिला त्याला करार संपेपर्यंत. सुरुवातीला मी त्याला सगळ्यात कमी काम दिलं, आणि बाबा त्याला आजतागायत 'जावई' म्हणतात.

बाबांचं सांगायला हवं. बाबा लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून चार्जमन म्हणून निवृत्त झाले. रात्री एकला पाणी प्यायला उठतात आणि माझ्या मागे उभे राहतात. एका रात्री त्यांनी विचारलं, "किती कोच आहेत तुझ्याकडे?"

"तीन."

"तीन कोचची गाडी?"

मग त्यांना समजावलं की हे शिकवणारे कोच. त्यांनी चष्मा लावला, स्क्रीनजवळ आले. माझा मुख्य कोच उघडा होता. अटॅक, डिफेन्स, पझेशन, प्रत्येकाचं टेक्निकल आणि टॅक्टिकल, अशा सहाच्या सहा चौकटींत मी त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली होती. कारण सगळ्यांत त्यातल्या त्यात तोच बरा. बाजूला लाल अक्षरांत कामाचा बोजा: हेवी.

"हा एकटा सहा कामं करतो?"

"हो, चांगला आहे तो."

"मग चांगला राहील कसा?" ते खुर्ची ओढून बसले. "आमच्याकडे पीओएचला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, रेल्वेचे कोच आले की एका फिटरच्या अंगावर चार टाकायचे. चारही वेळेवर बाहेर जायचे. कागदावर झकास. महिन्याभरात त्यातले दोन परत." मग जरा थांबून, "याला दोनच दे. बाकीची त्या पोराला दे, तो रिकामा दिसतोय."

'तो पोरगा' म्हणजे माझा २९ वर्षांचा सहायक कोच. कोचिंगचं लायसन्स नॅशनल सी, म्हणजे सगळ्यात खालचं, गुण सगळे नऊ-दहाच्या घरात, पण निर्धार १६ आणि शिस्त १५. मी त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. मुख्य कोचला डिफेन्सची दोन कामं ठेवली, पोराला पझेशनची दोन दिली, अटॅकची जावयाला. डिफेन्सचे तारे त्याच रात्री अडीचवरून साडेतीनवर गेले. माणूस तोच, पगार तोच. पोराचे पझेशनचे तारे तीन. जावयाचे दोन. बाबा "बघ" एवढंच म्हणाले आणि झोपायला गेले.

पोराला मी बोर्डाकडे मागणी करून पुढच्या लायसन्सच्या कोर्सला पाठवलं. पहिल्यांदा बोर्ड नाही म्हणालं, तीन महिन्यांनी हो म्हणालं. कोर्सचे पैसे क्लब भरतो आणि कोर्स चालू असताना गुण हळूहळू सरकतात. माझ्या मते गरीब क्लबने बाहेरून माणूस आणण्याआधी हे करून बघावं. सगळ्यात वरच्या, कॉन्टिनेन्टल प्रो लायसन्सवाले आपल्या दारात येत नाहीत. आलेच तर का आले ते बघावं. मी बघितलं नव्हतं.

भरतीची वेळ हाही एक मुद्दा. इंग्लंडात बहुतेकांचे करार जूनअखेर संपतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बेरोजगारांच्या यादीत अक्षरशः जत्रा असते आणि कुणालाही भरपाई द्यावी लागत नाही. पण मी एप्रिलपासूनच सहा महिन्यांत करार संपणाऱ्यांची यादी काढून वहीत नावं उतरवायचो. वही म्हणजे खरीच वही, ऑफिसची जुनी डायरी. विक्रोळीहून निघालेल्या स्लो लोकलमध्ये दाराशी लटकत कुर्ल्यापर्यंत मनात हिशेब चालायचा: स्काउटला क्षमता ओळखणं १४ आणि भविष्य ओळखणं ९, की उलटा घेऊ? सहाव्या पायरीवर पहिलाच घ्यावा, आज कोण खेळू शकतं हे सांगणारा. पाच वर्षांनी कोण चमकेल हे सांगणाऱ्याचा पगार द्यायला क्लब पाच वर्षं टिकला पाहिजे ना.

जाहिरातही देता येते. आलेले अर्ज यथातथाच असतात, पण अर्ज करणारा यायला तयार असतो हे तरी नक्की. डेटा ॲनालिस्ट मला असाच मिळाला. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, काम करतो बिचारा.

मधे एका संध्याकाळी अंधेरीला मुंबई सिटीचा सामना बघायला गेलो. आझाद नगर मेट्रोला उतरलं की स्टेडियम समोरच. सामन्याआधी तासभर लवकर पोचलो आणि पहिल्यांदाच खेळाडूंऐवजी बाकीच्यांकडे बघत बसलो. एक माणूस एकटाच वाकून मैदानात छोटे शंकू मांडत होता. मांडायचा, चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक करायचा, एक शंकू वीतभर सरकवायचा. दोनदा. मग खेळाडू बाहेर आले, स्टँडमध्ये ढोल सुरू झाले, सगळे मोबाइल वर गेले. तो शंकूंच्या बाजूला हाताची घडी घालून उभा. वॉर्म-अप संपल्यावर त्यानेच ते एकात एक घालून उचलले. याचा फिटनेसचा गुण किती असेल, असा विचार माझ्या डोक्यात आला हे कबूल करतो.

सगळ्यात जास्त डोकं मी घातलं ते युवा विकास प्रमुखाच्या जागेवर. वर्षातून एकदा क्लबच्या अकादमीतून नव्या पोरांची तुकडी येते, आमच्याकडे मार्चच्या सुमारास. त्या पोरांचा स्वभाव कसा निघेल यावर या प्रमुखाच्या स्वतःच्या स्वभावाची सावली पडते. दोघं उमेदवार उरले. एकाचं भविष्य ओळखणं १५, मुलांबरोबर काम १४, पण स्वभावाच्या रकान्यात नुसतं 'बॅलन्स्ड'. दुसऱ्याचं १२ आणि १३, स्वभाव 'प्रोफेशनल'. आकडे बघितले तर पहिला. दोन रात्री मी नुसता या पानावरून त्या पानावर जात होतो. एकदा चूक करून बसलो होतो ना, तेव्हाही एक मोठं नाव बघूनच भुललो होतो. दुसऱ्याला घेतलं.

मार्चमध्ये तुकडी आली. चमत्कार वगैरे नाही. बहुतेक पोरं आमच्याच पायरीची, दोन तर त्याहून खालची. पण तिघांच्या स्वभावापुढे 'फेअरली प्रोफेशनल' लिहून आलं, आणि त्यातला एक लेफ्ट बॅक दुसऱ्या हंगामाच्या शेवटी पहिल्या अकरात होता. त्या हंगामात आम्ही वर चढलो, नॅशनल लीगमध्ये, प्लेऑफमधून, फायनलला पेनल्टींवर. चढल्यावर बोर्डाने स्टाफची मर्यादा वाढवली आणि सेट पीसचा, म्हणजे कॉर्नर-फ्रीकिकचा, वेगळा कोच ठेवायची परवानगी दिली. हे पद २०२४च्या आवृत्तीतच नवं आलेलं. आमचे कॉर्नर तोवर देवाच्या भरवशावर होते.

आणि मग जूनमध्ये इनबॉक्सात बातमी. आमच्याहून एक पायरी वरच्या लीग टूमधल्या एका क्लबाने माझ्या पोराशी बोलणी सुरू केली आहेत. तोवर तो माझा असिस्टंट मॅनेजर झाला होता, लायसन्स दोन पायऱ्या वर, टॅक्टिकल १३. मी पगार दुप्पट देऊ केला. त्याने दोन दिवस विचार केला, गेममधले दोन दिवस, म्हणजे माझे चार क्लिक, आणि गेला. क्लबला थोडी भरपाई मिळाली. खजिनदार खूश असणार.

रात्री बाबा पाणी प्यायला उठले.

"झोपला नाहीस?"

"पोरगा गेला बाबा. मोठ्या क्लबने नेला."

"कोण, तो रिकामा बसलेला?"

"हो, तोच."

ते काही बोलले नाहीत. तांब्या ठेवला, चष्मा शोधला. मी सर्च उघडला. भूमिका असिस्टंट मॅनेजर, निर्धार किमान १३, बेरोजगार किंवा करार संपत आलेले. २१२ नावं आली. बाबांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "वरून सुरू नको करूस, खालून बघ."