प्रोलॅक्टिन १२८

आमच्या लॅबमध्ये सॅम्पलबरोबर जो फॉर्म येतो, त्यावर 'क्लिनिकल हिस्टरी' असा एक रकाना असतो. बहुतेक वेळा तो कोराच येतो. फार तर 'रुटीन' लिहिलेलं असतं, नाहीतर नुसती आडवी रेघ. त्या दिवशी मात्र न्यूरोसर्जरीच्या कुणा रेसिडेंटने घाईघाईत का होईना, पण एक ओळ खरडली होती : 'पिट्यूटरी मास ५.२ सेमी, नजर कमी, उद्या ओटी.' म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीत पाच सेंटीमीटरची गाठ, आणि उद्या ऑपरेशन. ती ओळ नसती तर मी रिपोर्टवर सही करून मोकळी झाले असते आणि नियमाने बघितलं तर त्यात कुणाला बोट ठेवायला जागाही नव्हती.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात बायोकेमिस्ट आहे. हार्मोनच्या तपासण्यांचं टेबल माझ्याकडे. सकाळचा सगळा वेळ थायरॉइडच्या ढिगाऱ्यात जातो. प्रोलॅक्टिन, कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन अशी मंडळी अधूनमधून. या पेशंटचं प्रोलॅक्टिन, म्हणजे पिट्यूटरीचंच एक हार्मोन, आलं होतं १२८ नॅनोग्रॅम प्रति मिली. पुरुषात ते साधारण पंधरा-वीसच्या आत असतं. म्हणजे वाढलेलं होतं, पण मशीनने काहीच तक्रार केली नव्हती. आमचं मशीन २०० पर्यंत थेट मोजतं, आकडा त्याच्या आत, सकाळचा क्यूसी, म्हणजे मशीनची रोजची चाचणी, पास. हिरवी खूण.

सर्जनसाहेबांचं गणितही चुकीचं नव्हतं. पिट्यूटरीतून निघणाऱ्या प्रोलॅक्टिनला मेंदूतून येणारं डोपामिन सतत दाबून धरतं. तिथे कसलीही गाठ वाढली आणि तिने पिट्यूटरीच्या देठावर भार टाकला, की डोपामिन खाली पोचत नाही आणि प्रोलॅक्टिन थोडं चढतं, शंभर-दीडशेच्या घरात. म्हणजे १२८ याचा सरळ अर्थ : गाठ स्वतः हार्मोन करत नाही, नुसती दाबतेय. अशा गाठीवर औषधाचा फारसा उपयोग नाही, नाकावाटे जाऊन ती काढायची. पण गाठ जर प्रोलॅक्टिनच बनवणारी असेल, तर खेळ पूर्ण बदलतो. तिथे पहिला उपाय ऑपरेशन नाही, कॅबर्गोलिनची गोळी. आणि तशी पाच सेंटीमीटरची गाठ असेल तर आकडा हजारांत हवा.

पाच सेंटीमीटर आणि १२८. हे जुळेल किंवा जुळणारही नाही, पण सही करण्याआधी बघायला काय जातंय?

आमच्या सीनियर टेक्निशियन काकांना म्हटलं, "काका, हे डायल्यूट करून लावू या." ते म्हणाले, "मॅडम, रेंजमध्ये आहे की. डायल्यूट वरच्याला करतात." बरोबरच होतं त्यांचं. रेंजच्या बाहेर गेलं तर पातळ करायचं, हाच सगळीकडचा रिवाज. तरी त्यांनी नवी टिप लावली. आधी दहापट. वीस मिनिटांनी मशीन म्हणालं, २०० पेक्षा जास्त.

पातळ केल्यावर आकडा उतरायला हवा. इथे तो चढला होता. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि न बोलता पुढची ट्यूब घेतली. ९९० मायक्रोलिटर डायल्यूएंट, त्यात १० मायक्रोलिटर सीरम. एवढंसं सीरम सोडताना टिपच्या बाहेरच्या अंगाला थेंब चिकटला तरी हिशेब बिघडतो, म्हणून त्यांनी टिप आधी पुसली, मग सोडलं, मग तीच टिप त्याच द्रावात वरखाली करून धुऊन घेतली. बुडबुडा आला नाही. शंभरपट पातळ सॅम्पलचा आकडा आला १६३. म्हणजे १६,३०० नॅनोग्रॅम. खात्रीसाठी दोनशेपट केलं : ८०.५, म्हणजे १६,१००. दोन्ही एका रेषेत.

याला आमच्यात हुक इफेक्ट म्हणतात. पुस्तकात सगळ्यांनी वाचलेला, परीक्षेत लिहिलेला. टेबलावर क्वचित भेटणारा. आमच्या तपासणीत दोन अँटिबॉडी असतात. एक हार्मोनचा रेणू पकडून ठेवते, दुसरी त्याच रेणूच्या दुसऱ्या बाजूला चिकटते आणि तिच्या अंगावर उजेड देणारं लेबल असतं. रेणू मध्ये, दोघी दोन बाजूंना. जितके असे तिघांचे संच, तितका उजेड, तितका आकडा. पण रेणूच बेसुमार झाले की पकडणारीला तिचा रेणू मिळतो, लेबलवालीला तिचा वेगळाच मिळतो, आणि संच जुळतच नाहीत. लेबलवाल्या अँटिबॉडी आपापले रेणू घेऊन धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातात. उजेड कमी, आकडा कमी. हार्मोन जितकं जास्त, तितका आकडा खोटा.

रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिनसाठी जी रेडिओइम्युनोअॅसे (आरआयए) बसवली, जिच्यासाठी १९७७ साली यॅलो यांना नोबेल मिळालं, तिच्यात हा घोळ होत नाही. तिथे किरणोत्सारी हार्मोन आणि पेशंटचं हार्मोन एकाच अँटिबॉडीसाठी भांडतात; पेशंटचं कितीही वाढलं तरी सिग्नल एकाच दिशेने उतरत जातो. मी शिकत असताना अणुऊर्जा खात्याच्या वाशीतल्या 'ब्रिट' या संस्थेची आरआयए किट वापरायचे, रिपोर्टला दिवस लागायचे. आताच्या पद्धती वेगवान आहेत, कितीतरी कमी हार्मोनही पकडतात, किरणोत्साराची कटकट नाही. मला त्या जुन्या दिवसांचं मुळीच प्रेम नाही. पण नव्या पद्धतीची ही एक खोड आहे आणि ती मशीनच्या पडद्यावर दिसत नाही. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये मध्ये एकदा जास्तीचं हार्मोन धुऊन मग लेबल घालतात, तिथे धोका बराच कमी. आमचं मशीन एका झटक्यात सगळं मिसळणारं.

वॉर्डात फोन लावला तेव्हा पेशंटच्या कपाळावर उद्यासाठी खुणा करायचं बोलणं चाललं होतं म्हणे. सर्जन आधी वैतागले, "अहो, तुमचाच सकाळचा आकडा १२८ आहे ना?" मी म्हटलं, सर, तो अजून सही होऊन गेलेला नाही, पडद्यावर दिसतोय तेवढाच, हा नवा बघा. दोन सेकंद शांत. मग म्हणाले, "एंडोक्राइनच्या सरांना घेऊन येतो." म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना. ते दोघं खाली आले, आलेख बघितला, तिसरी ट्यूब माझ्यासमोर पुन्हा लावून घेतली. ओटीच्या यादीतून नाव निघालं. मोठ्या सर्जनने इतक्या पटकन आपला बेत मोडलेला मी फार कमी वेळा बघितलाय.

पेशंट चाळिशीच्या आतला, फलटणकडचा टेम्पोचालक. वर्षभर डोकं दुखत होतं, चष्मा बदलून झाला होता. टेम्पोचे आधी डावीकडचा आणि मग उजवीकडचा असे दोन्ही आरसे फुटले. मालकाला वाटलं, गडी प्यायला लागला. खरी गोष्ट अशी की पिट्यूटरीच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसांची फुली असते. गाठ खालून तिथे दाबली की दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू जाते. समोरचं दिसतं, कडेचं नाही. बाहेर कुठेतरी त्याचं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, तपासून 'थायरॉइड नॉर्मल' सांगितलं होतं. आमच्याकडे फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, कमी निघालं. पिट्यूटरीच आजारी असेल तर टीएसएच एकटं बघून काही कळत नाही, तेच तर पिट्यूटरी बनवते. टेस्टोस्टेरॉन तळाला गेलं होतं. नशिबाने कॉर्टिसॉल ठीक होतं. ते कमी असताना आधी थायरॉइडची गोळी दिली तर जिवावर बेतू शकतं.

संध्याकाळी एंडोक्राइनचे सर त्याच्या बायकोला समजावत होते, मी सॅम्पलच्या निमित्ताने तिथेच होते. प्रोलॅक्टिन म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, हे ऐकल्यावर ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "आवं डॉक्टर, गड्याला कशाला लागतंय त्ये?" सर हसले. म्हणाले, थोडं सगळ्यांनाच असतं, यांच्यात कारखाना झालाय. मग गंभीर होऊन सांगितलं : आठवड्यात दोनदा गोळी. गाठ लवकर आकसते, कधीकधी इतकी की तिने भरून काढलेली हाडातली भोकं उघडी पडतात आणि मेंदूभोवतीचं पाणी नाकात उतरतं. नाकातून पाण्यासारखं गळायला लागलं तर सर्दी समजायची नाही, आहे त्या कपड्यांनिशी इथे यायचं. ते तिने दोनदा म्हणून दाखवलं.

पहिल्या आठवड्यातच त्याला पलंगाच्या कडेला उभी असलेली मुलगी मान न वळवता दिसायला लागली. तीन महिन्यांनी प्रोलॅक्टिन ४१०, गाठ निम्म्याहून कमी. नाक गळलं नाही. टेस्टोस्टेरॉन अजून हवं तेवढं चढलेलं नाही. डोळ्यांच्या फील्डचा नकाशा पूर्ण भरेपर्यंत गाडी चालवायची परवानगी सरांनी दिलेली नाही, यावर तो चिडलेला असतो. मार्केट यार्डात डाळिंबाचे क्रेट मोजायचं काम मिळालंय, ते त्याला कमीपणाचं वाटतं.

आता आमच्याकडे पिट्यूटरीत मोठी गाठ असलेल्या प्रत्येकाचं प्रोलॅक्टिन शंभरपट पातळ करूनही लावतो, आकडा कितीही साळसूद दिसो. हिस्टरीचा रकाना कॉम्प्युटरवर सक्तीचा करून घेतला, तर लोक त्यात एक टिंब टाकून पुढे जातात. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या खाणाऱ्यांचेही काही मशीनवर थायरॉइडचे आकडे उलटेसुलटे येतात, तेही त्या टिंबात मावत नाही. म्हणून आता मीच वॉर्डात फोन करते.

परवा खरेदी विभागाने विचारलं, प्रोलॅक्टिनचं रिएजंट पूर्वीपेक्षा लवकर का संपतं? मी 'डायल्यूशन' लिहून पाठवलं. उलट टपाली आलं, 'हे टाळता येईल का?' त्यावर 'नाही' लिहून फाइल परत केलीय. पुढची ऑर्डर अजून मंजूर व्हायची आहे.