तुम्ही विचारलंत म्हणून: आयसीयूच्या सिस्टरांना डायलिसिस कशाला शिकवायचं?

"डायलिसिसला टेक्निशियन असतो ना? मग आयसीयूच्या सिस्टरांना हे कशाला शिकवताय? त्यांना आधीच कामं कमी आहेत का?" हॉस्पिटल चालवणारे मला हे विचारतात, पेशंटचे नातेवाईक विचारतात, आणि ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी सिस्टर स्वतःही विचारतात. मी डायलिसिसची नर्स, आणि आता आयसीयूतल्या नर्सेसना हेच शिकवते. तेव्हा जरा सविस्तर सांगते.

टेक्निशियन मशीन आणतो, प्रायमिंग करतो (नळ्या आणि फिल्टर सलाइनने भरून हवा काढतो), डॉक्टरांनी लिहिलेले आकडे भरतो आणि डायलिसिस सुरू करून देतो. डायलिसिस युनिटमधला पेशंट 4 तासांसाठी येतो, शुद्धीवर असतो. चक्कर आली, पायात गोळे आले, तर तोच सांगतो. आयसीयूतला पेशंट व्हेंटिलेटरवर, झोपेच्या औषधाखाली, बीपी टिकवायला नॉरॲड्रिनलिन चालू. त्याला 4 तासांचा झपाटा सोसत नाही, म्हणून तेच काम सावकाश करतात: स्लेड (सावकाश, लांबवलेलं डायलिसिस) असेल तर 6 ते 12 तास, सीआरआरटी (सतत चालणारं डायलिसिस) असेल तर रात्रंदिवस. इतका वेळ टेक्निशियन खाटेपाशी नसतो. त्याला युनिटमधले पेशंट घ्यायचे असतात, आणि बऱ्याच ठिकाणी रात्री तो घरून ऑन-कॉल येतो. पहाटे 3 वाजता अलार्म वाजतो तेव्हा जवळ असते ती सिस्टर. कुणी शिकवलंच नसेल तर तिला एकच बटण ठाऊक असतं, आवाज बंद करायचं. यात तिचा काही दोष नाही.

माझी शिकवणी पांघरुणापासून सुरू होते. आयसीयूत एसी, त्यात मशीनमधून फिरून आलेलं रक्त गार होतं, म्हणून आपण पेशंटला गळ्यापर्यंत पांघरतो. डायलिसिसची लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली दुहेरी नळी, मांडीत बसवलेली असेल तर तिचे जोड पांघरुणाखाली जातात. निळ्या बाजूचा जोड, म्हणजे शुद्ध झालेलं रक्त जिथून अंगात परत जातं तो, सैल होऊन सुटला तर लाल बाजूने मशीन रक्त ओढतच राहतं आणि ते सगळं गादीत जातं. पंप मिनिटाला 200 मिलीवर असेल तर 5 मिनिटांत 1 लिटर. 50 किलो वजनाच्या बाईच्या अंगात सगळं मिळून 3.5 लिटरच्या आसपास रक्त असतं. "पण मॅडम, मशीन ओरडेल ना?" बहुतेक वेळा ओरडतं. पण वेनस प्रेशर (परतीच्या नळीतला दाब) आधीपासूनच कमी असेल, किंवा अलार्मची मर्यादा कुणी ढिली करून ठेवली असेल, तर ते गप्प राहू शकतं. हवेचा डिटेक्टरही इथे उपयोगाचा नाही, कारण हवा मशीनमध्ये शिरतच नाही. म्हणून पांघरूण घाला, पण लाइनपाशी दुमडून ठेवा. जोड सतत दिसला पाहिजे, आणि दर तासाला बीपी लिहिताना त्याला हात लावून बघायचा.

मग प्रेशर. आर्टेरियल प्रेशर (रक्त ओढणाऱ्या नळीतला दाब) फार उणे गेलं की पेशंटकडून रक्त नीट येत नाहीये: कुशीवर वळवताना नळी दबली, पाय दुमडला. वेनस चढलं की परतीच्या वाटेत अडथळा आहे. टीएमपी (फिल्टरच्या पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक) तासातासाला वाढतंय म्हणजे फिल्टर भरत आलाय. हे तेव्हाच कळवलं तर सर्किटमधलं रक्त पेशंटला परत देता येतं. फिल्टर पुरता गोठल्यावर कळवलं तर 150 ते 200 मिली रक्त टाकून द्यावं लागतं, आणि 7 हिमोग्लोबिनच्या पेशंटला ते परवडत नाही. अलार्म कुठलाही असो, आधी पेशंटकडे बघायचं, मग स्क्रीनकडे.

पण माझ्या मते मशीनपेक्षा मोठं कारण वेगळं आहे. पेशंटची काही माहिती फक्त सिस्टरपाशीच असते. आता मेरोपेनेम या अँटिबायोटिकचा डोस द्यायचा आणि अर्ध्या तासाने डायलिसिस लागणार, तर त्यातलं बरंचसं औषध ड्रेनमध्ये जाणार. डोस नंतर देऊ का, हे डॉक्टरांना तीच विचारू शकते. अंगातून 2 लिटर पाणी काढायचं ठरलंय आणि मघापासून नॉरॲड्रिनलिन वाढवावं लागतंय, हे तिलाच दिसतं. डायलिसिस संपल्यासंपल्या पोटॅशियमला रक्त पाठवलं तर आकडा खोटा दिलासा देतो, कारण पेशींतलं पोटॅशियम थोड्या वेळाने पुन्हा रक्तात येतं. आणि डायलिसिस नसतानाही धोका असतोच: लाइनच्या दोन्ही नळ्यांत हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, भरून ठेवलेलं असतं. रात्री शीर मिळत नाही म्हणून कुणी त्यातून इंजेक्शन दिलं, तर ते हेपारिन एकदम अंगात जातं. मेंदूत रक्तस्राव झालेल्या पेशंटच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे आयसीयूच्या सिस्टरला समजावून सांगावं लागत नाही.

पावसाळ्यात तर हे जास्तच जाणवतं. लेप्टो, मलेरिया, घोणस चावलेले शेतकरी. यातल्या पुष्कळांच्या किडन्या महिन्या-दोन महिन्यांपूर्वी ठणठणीत होत्या, आणि पुन्हा चालू लागू शकतात. डायलिसिसमध्ये बीपी वारंवार पडू दिलं तर त्याच किडन्यांना पुन्हा मार बसतो. तरणाताठा माणूस कायमचा आठवड्यातून तीनदा मशीनवर जायचा की लघवी सुरू होऊन घरी जायचा, यात रात्रपाळीच्या सिस्टरचा हात असतो. म्हणून मी इतकी हट्टाला पेटते.

"किती दिवसांत तयार होतात?" हा पुढचा प्रश्न. वर्गातलं लवकर होतं. खाटेपाशी मात्र अनुभवी माणूस शेजारी उभा असतानाच सुरुवात व्हायला हवी, आणि रक्त हाताने परत देण्याचा सराव पेशंट नसलेल्या मशीनवर, पाणी भरून, वीज बंद करून. क्रँक (वीज गेल्यावर पंप हाताने फिरवायचा दांडा) फिरवायचा हात बसायला वेळ लागतो.

आता माझी मागणी हॉस्पिटल चालवणाऱ्यांकडे. शिकलेल्या सिस्टरला रोटेशनच्या नावाखाली लगेच दुसऱ्या वॉर्डात पाठवू नका; हे मी वारंवार पाहिलंय, आणि दर वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. डायलिसिस चालू असेल त्या पाळीत तिला दुसरा व्हेंटिलेटरचा पेशंट देऊ नका. आणि डॉक्टर, तिने रात्री फोन करून "सर, बीपी पडतंय, पाणी काढणं थांबवू का?" विचारलं, तर फोन पहिल्या रिंगला उचला.