माइक सगळंच ऐकतो

सिग्नल विभागाचा माणूस ठाम होता, होम सिग्नल, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल, लालच होता. लोको पायलट म्हणत होता, यलो होता, गाडी जवळ आल्यावर तोंडावर उडाला, म्हणजे अचानक लाल झाला. इंजिन सिग्नलच्या पुढे जाऊन थांबलेलं. आमच्याकडे लाल ओलांडणं नोकरीवर बेततं, त्यामुळे पायलट आणि असिस्टंट दोघेही लगेच ड्युटीवरून उतरवले गेले. मी लोको इन्स्पेक्टर. केबिनमधलं रेकॉर्डिंग काढून चौकशीच्या खोलीत ऐकवायचं काम माझ्याकडे आलं.

हवा होता तो तुकडा जेमतेम काही मिनिटांचा. असिस्टंटचा आवाज, ‘डिस्टंट डबल यलो’. डिस्टंट म्हणजे होमच्या आधीचा, त्याची सूचना देणारा सिग्नल. पायलटने तेच परत म्हटलं. मग ‘होम यलो’, तेही दोघांनी. आणि पाठोपाठ पायलट ओरडला, ‘अरे, उडाला! उडाला!’ पुढे ब्रेकच्या हवेचा फुस्कारा. माझ्या दृष्टीने विषय इथेच मिटला होता.

पण रेकॉर्डिंग त्याच्या बरंच आधीपासून लावलेलं. त्यात असिस्टंट बायकोच्या ऑपरेशनबद्दल सांगत होता, त्याच आठवड्यात नाकारलेल्या रजेबद्दल बोलत होता. पायलट त्याला पैसे देऊ करत होता आणि मधूनमधून ड्युट्या लावणाऱ्या रोस्टरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. ट्रॅफिकचे साहेब म्हणाले, ‘जरा मागे घ्या.’ मी मागे घेतलं नाही. मग म्हणाले, ‘गप्पा मारत गाडी चालवतात, रिमार्कमध्ये घ्या हे.’

मी म्हटलं, ‘साहेब, पहाटे तीनची मालगाडी आहे. बोलतायत म्हणजे जागे आहेत.’

हे मी उगाच म्हटलं नव्हतं. मिनिटभर पायलटने काहीच हाताळलं नाही तर व्हीसीडीचा, म्हणजे पायलट जागा आहे का ते बघणाऱ्या यंत्राचा, दिवा लागतो, मग बझर, मग ब्रेक. पण डुलकीतला हातसुद्धा सवयीने बटणावर जातो. सिग्नल मोठ्याने पुकारायचा तोही याचसाठी, आणि दोन सिग्नलांच्या मधला वेळ गप्पांनीच निघतो. माइकच्या धाकाने हल्ली काही जोड्या सिग्नलपुरतंच तोंड उघडतात. सुरक्षेसाठी बसवलेल्या यंत्राने केबिन मुकी केली, तर मला त्या गाडीची जास्त काळजी वाटेल.

जुलै २०२५ मध्ये रेल्वेने ७४,००० डबे आणि १५,००० इंजिनांत कॅमेरे बसवायचं जाहीर केलं. डब्यात ते दारापाशी, येण्याजाण्याच्या जागेत. प्रवाशांचं खासगीपण जपायचं म्हणून. योग्यच आहे. इंजिनाच्या प्रत्येक केबिनमध्ये मात्र डेस्कवर दोन माइक. कॉकपिटमध्येही माइक असतो, पण तिथलं रेकॉर्डिंग अपघाताच्या तपासाबाहेर सहज वापरता येऊ नये, अशी तरतूद आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ मध्ये आहे. आमच्या केबिनलाही तसं काही हवं. माइक काढा असं मी म्हणत नाही. त्या दिवशी माइक नसता तर ही दोघं कशी सुटली असती?

रिमार्कमध्ये मी एवढंच लिहिलं, की डिस्टंटपासून गाडी उभी राहीपर्यंतचं संभाषण ऐकलं आणि सिग्नल नियमाप्रमाणे पुकारले गेले. आधीचा भाग प्रकरणाशी संबंधित नाही. साहेबांना पूर्ण कॉपी हवी होती. मी ती मागणी लेखी द्या म्हटलं, ती काही आली नाही. पुढे सिग्नलच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटालॉगरनेही पायलटचंच म्हणणं खरं ठरवलं.

ड्युटीवर परतल्यावर पायलट लॉबीत, म्हणजे ड्युटीची हजेरी लावतात तिथे, भेटला. हळूच विचारलं, ‘साहेब, ते रोस्टरवाल्याचं पण ऐकलं का सगळ्यांनी?’

‘ऐकलं.’

‘तो होता का तिथं?’

‘तो नव्हता,’ मी म्हटलं, ‘त्याचे साहेब होते.’