बकरीसारखा पाला खाणारा पक्षी

आमच्या सोलापूरकडे वेडी बाभूळ म्हटलं की तोंडात आधी शिवीच येते. त्यामुळे पेरूच्या उत्तरेला, चिक्लायो शहराजवळच्या पोमाकच्या जंगलात उतरलो तेव्हा मला हसूच आलं. एवढे पैसे मोडून आलो, ते पुन्हा त्याच काट्यांत! तिथला 'अल्गारोबो' हा आपल्या वेड्या बाभळीचा सख्खा भाऊ. तशाच शेंगा, तसाच बारीक पाला. फरक एवढाच, की इथे ही झाडं घरची आहेत. जुनाट, वाकडीतिकडी, काहींचे बुंधे तर जमिनीवर लोळलेले.

मला बघायचा होता कोर्तारामा, म्हणजे फांद्या कापणारा. पेरूच्या या कोरड्या किनारपट्टीतला हा गाणारा पक्षी. 'गाणारा' हे आपलं म्हणायला. आधी ऐकू आली करकर, बिनवंगणाच्या बैलगाडीच्या चाकाची असते तशी. वाटाड्याने नुसतं बोट वर केलं.

झुडपाच्या शेंड्यावर नर बसला होता. राखाडी अंग, विटकरी पोट, पंखांवर पांढरे पट्टे. खूप वेळ ढिम्म हलला नाही. मग खाली वाकून त्याने एक पान खुडलं, आडवं धरलं आणि चोचीत तीन-चारदा चेचून गिळलं. लगेच दुसरं. चोचीच्या कडांना करवतीसारखे बारीक दाते असतात, ते यासाठीच. फळं, कळ्याही खातो म्हणे, पण माझ्यासमोर पाऊण तास नुसता पालाच चालला होता. पाल्यात कस कमी, म्हणून खावा लागतो भरपूर, आणि तेवढं ओझं पोटात घेऊन उडायचं! बहुतेक पक्षी या भानगडीत पडतच नाहीत.

झाड गेलं की हाही गेला. पोमाकला २००१ साली संरक्षण मिळालं, तरी आत घुसून शेती करणाऱ्यांना २००९ मध्ये हटवताना दोन पोलिसांचा जीव गेला. बाकी ठिकाणी अल्गारोबो तुटतो तो शेतीसाठी आणि कोळशासाठी. या कोळशावर भाजलेली कोंबडी पेरूत फार नावाजलेली. आदल्या रात्री मीही बोटं चाटत खाल्ली होती.

परतताना त्याच खानावळीवरून गेलो. दाराशी कोळशाची पोती रचलेली होती. काल ती माझ्या नजरेला पडली नव्हती.