परवाना पेनसिल्व्हेनियाचा, खटला न्यू जर्सीत

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातले फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सी राज्यातले कॅमडेन या शहरांच्या मधे फक्त डेलावेअर नदी आहे. पुलावरून पलीकडे जायला काही मिनिटे पुरतात. मात्र पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला परवान्यावर कायदेशीरपणे जवळ बाळगलेले पिस्तूल न्यू जर्सीच्या बाजूला गाडीत सापडले, तर तो दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा ठरतो. त्याला पाच ते दहा वर्षांची शिक्षा आहे, आणि 'ग्रेव्हज अ‍ॅक्ट' या, बंदुकीच्या गुन्ह्यांत किमान कैद सक्तीची करणाऱ्या न्यू जर्सीच्या कायद्यामुळे त्यातली निम्मी शिक्षा किंवा ४२ महिने, यांपैकी जे जास्त असेल तेवढा काळ पॅरोलविना तुरुंगात काढावा लागतो. शस्त्र जवळ बाळगण्याचा इतर कोणत्याही राज्याचा परवाना न्यू जर्सी मानत नाही. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ हा एकच कायदा देशभर लागू असल्यामुळे अमेरिकेत नव्याने आलेल्या आपल्या माणसांना हे पटकन उमगत नाही. प्रत्येक राज्याचा शस्त्रकायदा वेगळा, आणि राज्याची सीमा ओलांडताना तो आपोआप बदलतो.

फौजदारी बचावाचे काम करणाऱ्या एका छोट्या वकिली कार्यालयात मी कागदपत्रांचे काम करते. मी वकील नाही आणि हा कायदेशीर सल्लाही नाही. तरीही न्यू जर्सीतल्या एडिसन, आयसलिन, जर्सी सिटी या भागांत मराठी कुटुंबे इतक्या मोठ्या संख्येने राहतात की या खटल्यांमध्ये बचाव नेमका कशाच्या आधारावर उभा राहतो, हे त्यांच्या घरच्यांना माहीत असायला हवे असे मला मनापासून वाटते.

इथले एक प्रकरण देशभर गाजले. ऑक्टोबर २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका तरुण आईची गाडी न्यू जर्सीच्या अटलांटिक काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) वाहतुकीच्या किरकोळ कारणावरून थांबवण्यात आली. आपल्याकडे पिस्तूल आहे आणि पेनसिल्व्हेनियाचा परवानाही आहे, हे तिने पोलिसाला आपणहून सांगितले. पूर्वीचा एकही गुन्हा नावावर नसताना तिच्यासमोर साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या कैदेची शक्यता उभी राहिली. सप्टेंबर २०१४ मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने बाहेरच्या राज्यांतील परवानाधारकांच्या प्रकरणांबाबत सरकारी वकिलांना नव्या सूचना दिल्या, तिला 'प्रीट्रायल इंटरव्हेन्शन' म्हणजे पीटीआय या देखरेखीच्या कार्यक्रमात प्रवेश मिळाला, आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. ती सुटली ती सरकारने धोरण बदलल्यामुळे. 'माझा हेतू वाईट नव्हता' हा युक्तिवाद तिला तारू शकला नसता, कारण या कलमाला हेतूशी कर्तव्य नाही. शस्त्र तुमच्या ताब्यात होते, ते तुम्हाला ठाऊक होते आणि आवश्यक परवाना नव्हता, एवढ्यावर गुन्हा पूर्ण होतो. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्याचा निकाल दिल्यावर परवान्यासाठी 'खास गरज' दाखवण्याची अट न्यू जर्सीला सोडावी लागली, पण परवाना लागतोच.

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शस्त्र नेणाऱ्या प्रवाशाला १९८६ च्या एका केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे. प्रवास जिथून सुरू होतो आणि जिथे संपतो त्या दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणे वैध असावे, ते रिकामे असावे, आणि प्रवासात शस्त्र किंवा गोळ्या हाताशी असू नयेत, अशा त्याच्या अटी आहेत. गाडीला स्वतंत्र डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी लागते, आणि ग्लोव्ह कंपार्टमेंट ही त्यासाठी पेटी धरली जात नाही. हे संरक्षण किती अरुंद आहे, ते यूटा राज्यातील एका प्रवाशाच्या प्रकरणातून कळते. २००५ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅलनटाउनला निघाला होता, वाटेत न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये अडकला आणि सामान घेऊन रात्री हॉटेलात राहिला. सकाळी विमानतळावर त्याने नियमाप्रमाणे आपले शस्त्र जाहीर केले, तर त्याला अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले, पण त्याने लावलेल्या दाव्यात २०१० मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने त्याच्या विरोधात निकाल दिला, कारण त्या रात्री हॉटेलात सामान त्याच्या हाताशी होते. त्याच्या प्रवासात अडथळा आला यात त्याचा दोष नव्हता, हे न्यायालयालाही दिसत होते. कायद्याच्या शब्दांत मात्र ते बसत नव्हते.

अशा खटल्यात वकील सर्वांत आधी झडतीचा अहवाल आणि पोलिसांच्या कॅमेऱ्यातले चित्रीकरण मागवतात. गाडी का थांबवली, किती वेळ थांबवली, झडतीला संमती कोणी आणि कोणत्या शब्दांत दिली, हे मिनिटामिनिटाने तपासले जाते, कारण झडती बेकायदा ठरली तर सापडलेले पिस्तूल पुरावा म्हणून वापरता येत नाही आणि बहुतेक वेळा खटल्यात काही उरतच नाही. या बाबतीत न्यू जर्सीचे संविधान नागरिकाला केंद्रीय कायद्यापेक्षा जास्त संरक्षण देते. २००२ च्या कार्टी निकालानुसार, वाहतुकीसाठी थांबवलेल्या गाडीच्या झडतीला संमती मागण्याआधीच पोलिसांकडे संशयाचे वाजवी कारण असावे लागते. २०१५ च्या विट निकालाने वॉरंटशिवाय गाडीची झडती घेण्याची मुभा अनपेक्षितपणे उद्भवलेल्या प्रसंगांपुरती ठेवली. २०२३ च्या कोहेन प्रकरणात गाडीत गांजाचा वास आल्याचे सांगून पोलिसांनी बॉनेटखाली आणि डिकीत शोध घेतला होता. बसण्याच्या जागेतला वास तेवढ्यासाठी पुरेसा नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. म्हणूनच झडतीला संमती विचारली गेली तर 'माझी संमती नाही' एवढेच शांतपणे म्हणावे. पोलिसांशी वाद घालू नये, हात दिसतील असे ठेवावेत, आणि नाव व गाडीची कागदपत्रे यापलीकडच्या प्रश्नांना वकिलाशिवाय उत्तर देणार नाही असे सांगावे. पोलिसांसमोर खरे बोलले की सुटका होते, हा आपल्या घरांतला संस्कार मला मोलाचा वाटतो, पण ज्या कलमात हेतू विचारलाच जात नाही, तिथे रस्त्याच्या कडेला दिलेली प्रामाणिक कबुली सरकारी वकिलाचे काम पूर्ण करते.

दुसरा प्रश्न ताब्याचा. गाडीत शस्त्र सापडले की ते आतल्या सर्वांच्या ताब्यात होते असे गृहीत धरण्याची सोय कायद्यात आहे. ते एकाच्याच अंगावर सापडले तर गोष्ट वेगळी. आणि ग्लोव्ह कंपार्टमेंट किंवा डिकीसारख्या बंद जागेत सापडले, तर ज्याची गाडी आहे किंवा जो ती चालवण्याचा अधिकारी आहे त्याच्याकडे बोट जाते. मित्राने मागच्या सीटखाली सरकवलेल्या पिस्तुलासाठी चौघांवर आरोपपत्र येऊ शकते. हे अनुमान ज्युरीवर बंधनकारक नसते, आणि आरोपीला शस्त्राची माहितीच नव्हती हे ज्युरीसमोर मांडता येते. तोवर अटक मात्र झालेली असते. २०१७ पासून न्यू जर्सीत पैसे भरून मिळणारा जामीन जवळजवळ संपला आहे. आरोपीला सोडायचे की खटल्यापर्यंत कोठडीत ठेवायचे, हे सुनावणीत ठरते, आणि सरकार कोठडी मागू शकते.

झडती वैध ठरली आणि ताबाही सिद्ध होणार असे दिसले, की वाटाघाटी सुरू होतात. ग्रेव्हज अ‍ॅक्टमधून सवलत मिळावी म्हणून सरकारी वकिलाने अर्ज केला, तर न्यायाधीश सक्तीची कैद एक वर्षावर आणू शकतात किंवा प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची शिक्षा, देऊ शकतात. नोकरी, शिक्षण, स्वच्छ पूर्वेतिहास, शस्त्र आणि गोळ्या कशा ठेवल्या होत्या, हे सगळे मांडणारी फाइल इथे कामाला येते, आणि आमच्या कार्यालयाचा बराच वेळ अशी फाइल उभी करण्यात जातो.

आपल्या लोकांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची जागा याच टप्प्यावर आहे. गुन्हा कबूल करताना भरायच्या न्यू जर्सीच्या छापील अर्जात १७ वा प्रश्न असतो: तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात काय? उत्तर 'नाही' असेल, तर पुढचे प्रत्येक अक्षर इमिग्रेशनच्या वकिलाच्या नजरेखालून गेले पाहिजे. बंदुकीसंबंधी दोषसिद्धी हे केंद्रीय इमिग्रेशन कायद्यात हद्दपारीचे स्वतंत्र कारण आहे, आणि वीस वर्षे ग्रीन कार्डवर राहणाऱ्यालाही ते लागू होते. शिक्षा फक्त प्रोबेशनची झाली म्हणून सुटका होत नाही. पीटीआयमध्ये गुन्हा कबूल न करता प्रवेश मिळाला तर तो सहसा दोषसिद्धीत मोडत नाही. परंतु गंभीर आरोपांत आधी कबुली द्यावी लागते, आणि मग राज्याने आरोप रद्द केला तरी इमिग्रेशन खात्याच्या लेखी ती दोषसिद्धीच राहू शकते. इतकेच काय, हद्दपारीच्या काही कारणांवर गव्हर्नरच्या माफीचा उतारा चालतो, पण बंदुकीचे कारण त्या यादीत नाही. फिलाडेल्फियाच्या त्या आईसारखी माफी मिळूनही ग्रीन कार्डधारकाचा हा धोका टळत नाही. मार्च २०१० मध्ये पडिला खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा परिणामांची कल्पना अशिलाला देणे हे फौजदारी वकिलाचे कर्तव्य आहे. तरीही हा प्रश्न कुटुंबाने पहिल्याच भेटीत स्वतःहून काढावा, असा माझा आग्रह आहे.

एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर केंद्रीय कायद्याने त्यांना बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला मनाई आहे, आणि मित्रांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक हातात घेणे हेही त्या मनाईत मोडू शकते. तसेच छऱ्यांची बंदूक न्यू जर्सीत खेळणे समजली जात नाही, ती 'फायरआर्म'च्या व्याख्येत येते. मुलींना स्वसंरक्षणासाठी मिरपुडीचा फवारा द्यायचा असेल तर तो पाऊण औंसापर्यंतचाच चालतो.

पुण्या-नाशिकला मध्यरात्री काउंटीच्या तुरुंगातून फोन आला, तर 'नक्की काय झालं?' हा प्रश्न विचारू नका. ते फोन ध्वनिमुद्रित होतात, सरकारी वकील ते ऐकू शकतात, आणि मराठीत बोलल्याने काहीच झाकले जात नाही, कारण भाषांतर करून घेता येते. कोणती काउंटी, पासपोर्टवर आहे तसे नाव, जन्मतारीख, व्हिसाचा प्रकार आणि पुढच्या सुनावणीची तारीख एवढेच लिहून घ्या. वकील परवडत नसेल तर मुलाला पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारी खर्चाचा बचाव वकील, मागायला सांगा, इंग्रजी अडत असेल तर न्यायालयाच्या खर्चाने दुभाषा मागायला सांगा, आणि न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवायचे असल्यास तसे स्पष्ट बोलायला सांगा, कारण भारतीयांच्या बाबतीत दूतावासाला आपोआप कळवले जात नाही, आरोपीने मागणी करावी लागते.